पायावरचा हात

शिवणटेबल रिकामं करण्यातच सकाळ गेली. चौदा फुटांचं ते टेबल गेल्या तीस वर्षांत एकदाही पूर्ण मोकळं झालेलं कुणाला आठवत नव्हतं. एका अंगाला घडी घालून शिवायला ठेवलेले छापील कागदांचे फर्मे, मधे दोऱ्याची रिळं आणि मेणाचे गोळे, पलीकडे शिवून दाबायला ठेवलेली पुस्तकं, आणि या सगळ्यातून कशीबशी उरलेली ताटाएवढी जागा, जिथे अक्का दुपारचा चहा ठेवत. आज फर्मे जमिनीवर उतरले, रिळं टोपलीत गेली, आणि खळीचे जुने डाग ओल्या फडक्याने पुसता पुसता दादांच्या लक्षात आलं, की टेबलाचं मूळ लाकूड इतकं फिकट आहे हे आपल्याला ठाऊकच नव्हतं.

आज त्यावर घरातली माणसं एकेक करून आडवी व्हायची होती.

दादांच्या मुलाला, दोऱ्याला, जाऊन सोळा दिवस झाले होते. शेलाट्या अंगाचा म्हणून लहानपणीच त्याला ते नाव पडलं आणि बाइंडिंगवाल्यांच्या घरात ते शोभूनही गेलं. वय सत्तावीस. लग्नाला सात महिने. बायकोच्या नोकरीजवळ भाड्याच्या घरात राहायला जाऊन बाविसावा दिवस. सकाळी साडेपाचला उशाशी ठेवलेलं गजराचं घड्याळ वाजलं, तो ताडकन उठून बसला आणि बसल्या जागीच कलंडला. एवढंच. याहून जास्त कुणाला सांगता येत नव्हतं, कारण ते पाहणारं माणूस एकच होतं, त्याची बायको. आणि तिला या घरात कुणी नीट विचारलं नव्हतं.

तपासणीत हृदयात काही सापडलं नाही. झडपा ठीक, रक्तवाहिन्या मोकळ्या, स्नायू निरोगी. काही सापडलं नाही हीच मोठी बातमी आहे, असं हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी दादांना समोर बसवून सांगितलं. घडण चांगली आणि ताल बिघडलेला, अशी काही हृदयं असतात. ती एकट्यादुकट्याची नसतात, रक्तातून उतरतात. तेव्हा जवळच्या सगळ्यांच्या हृदयाचा आलेख काढायला हवा. दादा म्हणाले, माझी बायको त्या इस्पितळाच्या पायरीवर पुन्हा पाऊल ठेवणार नाही. बाई म्हणाल्या, मग रविवारी आम्ही येतो.

वर घर आणि खाली बाइंडिंगखाना, अशी ही वास्तू. खालच्या खोलीत आडोसा हवा म्हणून दादांची बायको, म्हणजे वहिनी, आणि सून दोघी मिळून बाइंडिंगचं निळं कापड दोरीवर ताणत होत्या. एक टोक आईच्या हातात, दुसरं बायकोच्या. ज्याच्यामुळे त्या एकमेकींच्या कुणी लागत होत्या तो मधे नव्हता. वहिनी सोळा दिवसांत सुनेशी जेमतेम चार वाक्यं बोलल्या होत्या. त्याला राग समजून सगळे गप्प होते. राग नव्हता. वहिनींच्या छातीत एक गोष्ट अडकली होती, आणि सुनेच्या तोंडाकडे पाहिलं की ती वर यायची.

“ताण जरा,” त्या म्हणाल्या.

सुनेने ताणलं.

दोऱ्याची बहीण, ताई, नवऱ्याला आणि आठ वर्षांच्या पिटुकलीला घेऊन दहा वाजता आली. आल्या आल्या तिने रिकाम्या टेबलावरून हात फिरवला आणि कुणाकडे न बघता म्हणाली, काही माणसं घर रिकामं करण्यात वाकबगार असतात. सुनेने ऐकलं. ती पंपघरात सकाळच्या पाळीला असे. चार मोठे पंप एकाच वेळी चालू असताना समोरचा काय बोलतो ते ओठांवरून ओळखण्याची तिला सवय होती. ताईचे ओठ तर तिला पाठ झाले होते. वेगळं बिऱ्हाड हिच्या नोकरीपायी झालं. हिला घड्याळाशिवाय चालत नाही. आमच्या घरात कधी गजर वाजला होता का? पहिल्या दिवसापासून हीच तीन वाक्यं, कधी बोलून, कधी न बोलता. सुनेने त्यातल्या एकाचंही उत्तर दिलं नव्हतं. दुसऱ्या वाक्याचं उत्तर तर तिने मुद्दाम गिळलं होतं.

डॉक्टरीणबाई वेळेवर आल्या. बरोबर यंत्र सांभाळणारा एक गुबगुबीत, मोठ्या आवाजाचा गृहस्थ होता. दारातून आत पाऊल टाकताच त्याने नेहमीच्या सरावाने खणखणीत विचारलं, “चला, पहिलं गिऱ्हाईक कोण?” आणि खोलीतल्या सगळ्यांनी एकदम माना वळवल्या. या घरात इतक्या मोठ्याने कुणी बोलत नसे. तो ओशाळला आणि पुढचं वाक्य अर्ध्या आवाजात बोलला.

पहिले दादा आडवे झाले. छातीला थंडगार चिकट चकती लावली की ते डोळे मिटून घेत. यंत्रवाला त्यांना हसवू पाहत होता. म्हणाला, काका, तुमच्या छातीवर तर डिंकाचा वास येतोय, आमची चकती आपोआप चिकटेल. दादा हसले नाहीत, पण तेवढ्याने त्यांचा श्वास सुटला. कागदाची पट्टी सरसर बाहेर आली. बाईंनी ती उजेडाकडे धरली, खिशातली छोटी मोजपट्टी लावली. कोपऱ्यात दोन आकडे लिहिले.

मग ताई. मग वहिनी. त्या म्हणाल्या, घ्या, सगळ्यांबरोबर माझीही घ्या.

अक्का तोवर आडोशाच्या बाहेर खिडकीशी बसून फर्मे शिवत होत्या. दादांच्या थोरल्या बहीण. लग्न झालेलं नाही. सगळं घर त्यांना अक्काच म्हणे. टेबल नव्हतं तर पुस्तक मांडीवर घेऊन शिवणं चाललं होतं. बाईंनी त्यांना नंबर आला म्हणून सांगितलं, तेव्हा त्या मान वर न करता म्हणाल्या, माझं वय झालं, माझं काय बघायचंय, मुलांचं बघा.

बाईंनी आग्रह केला नाही. स्टूल ओढून बसल्या आणि सगळ्यांना मिळून एक प्रश्न विचारला. घरात कुणाला अचानक मोठा आवाज झाला की चक्कर येते का? दार आपटलं, घंटा झाली, फोन खणाणला, असं काही?

यावर जावई हसले. सोळा दिवसांत या घरात हसण्याचा तो पहिला आवाज. म्हणाले, डॉक्टर, यांच्याकडे अचानक आवाज होतच नाही, तर चक्कर कुठून येणार? मग त्यांनी स्वतःची कथा सांगितली. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी मुक्कामाला आले, पहाटे गाढ झोपेत असताना कुणीतरी पायाला हात लावला. ते दचकले आणि लाथ झाडली. ती नेमकी अक्कांच्या कोपरावर. या घरात हाक मारून उठवत नाहीत, घड्याळ लावत नाहीत, दाराला घंटा नाही. अक्का पाचला उठतात, एकेकाच्या तळव्यावर हात ठेवतात आणि माणूस जागं होईपर्यंत तसाच धरून बसतात. “मला वाटलं, सासुरवाडीत पाय धरायची पद्धत आहे,” जावई म्हणाले. “म्हटलं, चांगलं आहे, निदान एका घरात तरी.”

दादांच्या ओठांचा कोपरा हलला. वहिनींनी पदर तोंडाला लावला, हसू होतं की रडू ते त्यांनाही कळलं नाही. पिटुकली म्हणाली, मला आवडतं, अक्काचा हात पोळीसारखा गरम असतो.

बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“हे कुणी सुरू केलं?” त्यांनी विचारलं.

दादा म्हणाले, आमच्या आईपासून आहे. आईला मोठा आवाज खपत नसे. शिस्तीची होती. पुढे अक्कांनी तो नेम चालवला. नेम म्हणजे नेम, ताप असो की पाऊस. मला तर जन्मापासून कुणी हाक मारून उठवलेलं आठवत नाही. बोलता बोलता त्यांनी खिडकीकडे पाहिलं. अक्कांची सुई फर्म्यात अर्धी जाऊन थांबली होती.

“सवय आहे,” अक्का म्हणाल्या. सुई पुढे गेली.

ताईने लेकीला टेबलावर चढवलं. तिचा नवरा म्हणाला, हिची कशाला, ही तर दिवसभर उड्या मारते. ताई खाली वाकली. मग मुलीचे बूट काढता काढता, जणू बुटांनाच सांगत असल्यासारखं म्हणाली, की मागच्या महिन्यात शाळेत ही पडली होती. खेळून दमून बाकावर डोकं टेकून झोपली होती, घंटा झाली, उठली आणि पडली. शाळेने सांगितलं, उपाशीपोटी आली असेल.

“मला का नाही सांगितलंस?” जावयांनी विचारलं.

“डबा मी दिला नव्हता त्या दिवशी,” ताई म्हणाली. “म्हटलं, तुम्ही मलाच बोलाल.”

पट्टी निघाली. या वेळी यंत्रवाल्यानेच ती आधी पाहिली आणि त्याचा चेहरा बदलला. दिवसाला पन्नास पट्ट्या पाहणारा माणूस. त्याला पट्टी वाचता येत नसली तरी ओळखता येत होती. त्याने ती मुकाट्याने बाईंच्या हातात दिली. बाईंनी मोजपट्टी लावली, पुन्हा लावली, मग तीन पट्ट्या टेबलाच्या फिकट लाकडावर एकाखाली एक पसरल्या. आजोबांची, आईची, नातीची.

आणि मग त्यांनी सांगितलं. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा सज्ज व्हायला थोडा अवकाश लागतो. या उंचवट्यापासून या उताराच्या शेवटापर्यंत, हे बघा. दादांचा तो अवकाश थोडा लांब आहे. ताईचा त्याहून किंचित जास्त. हिचा बराच लांब आहे. तेवढ्या अवकाशात, ते अजून सावरलेलं नसताना, जोराचा दचका बसला की ताल सुटतो. कधी आपोआप सापडतो, म्हणजे माणूस चक्कर येऊन पडतो आणि उठतो. कधी सापडत नाही. काहींना दचका पळण्यापोहण्यात बसतो. काहींना झोपेतून आवाजाने उठताना.

बाहेर रस्त्यावर कुणी सायकल उभी करत होतं, तिच्या स्टँडचा खट्ट आवाज आला आणि दादांनी नकळत नातीच्या कानांवर हात ठेवले.

सुनेला वाटलं, आपण उभ्या आहोत ती जमीन पातळ झाली आहे. आवाजाने उठताना. ती सकाळ तिने सोळा दिवसांत हजारदा पाहिली होती, पण तिला वाटत होतं की घड्याळ आणि मरण या दोन गोष्टी एका वेळी घडल्या, जसं गाडी सुटता सुटता पाऊस यावा. आता कुणीतरी त्या दोन गोष्टींना दोऱ्याने शिवलं होतं.

जावई उठले. त्यांचा आवाज नेहमीचाच होता. म्हणाले, आम्ही निघतो. यांचा मुलगा गेला, मला दुःख आहे. पण त्या दुःखाला कारण हवं म्हणून माझ्या मुलीच्या कपाळावर शिक्का मारू नका. ती ठणठणीत आहे. एका कागदावरून तिला जन्माची आजारी ठरवायची नाही. त्यांनी पिटुकलीला खाली उतरवलं, खुर्चीवर बसवलं आणि स्वतः गुडघ्यावर बसून तिचे बूट चढवू लागले. नाड्या चुकीच्या भोकांतून ओवत होते.

बाई शांतपणे म्हणाल्या, गोळ्या आहेत, त्या रोज घ्याव्या लागतात. काहींना छातीत एक छोटं यंत्र बसवावं लागतं. रक्ताची तपासणी करून नक्की करू. पण आज इथून नुसतं घरी जाऊ नका. नाड्या बांधणं थांबलं नाही.

ताई मधेच उभी होती, नवरा आणि टेबल यांच्या मधे. कुणावर तरी तिला फुटायचं होतं आणि समोर सून होती.

“ते घड्याळ तू आणलं नसतंस,” ती म्हणाली, “तर माझा भाऊ आज इथे असता.”

सुनेने मान खाली घातली. ती काही बोलणार नव्हती. सोळा दिवस बोलली नव्हती, आजही नाही.

“घड्याळ मी दिलं,” वहिनी म्हणाल्या.

आवाज इतका लहान होता, की दादांना वाटलं आपण चुकून ऐकलं. वहिनी टेबलाच्या कडेला धरून उभ्या होत्या. आता आलेलं ते थांबवणं त्यांच्या हातात नव्हतं. त्यांनी सांगितलं, की तो तिकडे राहायला जाणार ठरल्यावर त्यांना एकच काळजी होती. या पोराला जन्मात कधी स्वतःहून उठायची वेळ आली नाही, तिथे त्याच्या पायाला हात कोण लावणार? हिची पाळी सातची, हिची धांदल. म्हणून त्या दुकानात गेल्या आणि दुकानदाराला म्हणाल्या, सगळ्यात मोठा आवाज असलेलं द्या, आमचा मुलगा कुंभकर्ण आहे. दुकानदाराने चार घड्याळं वाजवून दाखवली. त्यांनी चौथं निवडलं.

“हिने कुणाला सांगितलं नाही,” त्या सुनेकडे बघत म्हणाल्या. “मी वाट बघत होते, ही सांगेल. मग मला बोलता येईल. हिने सांगितलंच नाही.”

“एकवीस दिवस ते वाजलं नव्हतं,” सून म्हणाली. तिचं तोंड उघडलं ते फक्त सासूला आधार द्यायला. “ते रोज पाचलाच जागे व्हायचे. आपोआप. गजर आधीच बंद करायचे. त्या दिवशी रात्रभर बसून परीक्षेच्या वह्या शिवायचं काम संपवलं होतं, म्हणून झोप लागून राहिली. पहिल्यांदाच वाजलं ते.”

वहिनींनी दोन्ही हात पुढे केले आणि सुनेने ते धरले. ताई भिंतीशी जाऊन उभी राहिली. तिला आता कुणावर फुटता येत नव्हतं.

याच वेळी खिडकीशी अक्कांनी मांडीवरचं पुस्तक मिटलं. दोरा तोडला नाही, सुई तशीच लोंबत राहिली. गेली पन्नास वर्षं त्यांनी दोरा तोडल्याशिवाय पुस्तक मिटलं नव्हतं, हे फक्त दादांच्या लक्षात आलं.

“तू घड्याळ बांधत होतीस तेव्हा मी बघत होते,” अक्का म्हणाल्या.

वहिनींना काही कळेना. म्हणाल्या, हो, तुम्हीच तर रंगीत कागद दिलात.

“मी एवढंच म्हटलं, आवाज बारीक ठेवा.” अक्कांनी मिटलेल्या पुस्तकावर हात ठेवला. “मला ठाऊक होतं.”

त्यानंतर त्या ज्या आवाजात बोलल्या तो त्यांचा रोजचाच होता, फर्मे मोजताना असतो तसा. दादांच्या आधी एक भाऊ होता. घरात त्याचा फोटो नाही, नाव निघत नाही. दादांना वाटत आलं, की तो तापाने गेला. तो तापाने गेला नव्हता. अकरा वर्षांचा होता. तेव्हा घर दुसरीकडे होतं, शेजारी सूत रंगवायचा कारखाना. एका दुपारी मुलं झोपली होती आणि कारखान्यावर नवीन भोंगा बसवला होता. तो वाजला. थोरला उठून बसला. “दोऱ्या बसला तसाच,” अक्का म्हणाल्या. “ही सांगत होती ना, बसल्या जागीच कलंडला, मला ऐकायची गरज नव्हती. मी शेजारी झोपले होते. मीही पडले, पण मी उठले.”

आईने महिन्याच्या आत घर बदललं. घंटा काढली. पायाला हात लावून उठवणं सुरू केलं. डॉक्टर म्हणाले फिट येते, वैद्य म्हणाले भीती. आईने कुणाचंच ऐकलं नाही, फक्त आवाज थांबवला. पुढे अक्कांचं लग्न ठरलं. बघायला आलेल्या माणसांसमोर आत कुणाच्या हातून पितळी पातेलं पडलं आणि अक्का दिवाणखान्यात कोसळल्या. स्थळ परत गेलं ते गेलंच. त्या दिवशी आईने त्यांना देवासमोर बसवून शब्द घेतला. नेम चालव, कारण सांगू नकोस. कारण बाहेर फुटलं तर तुझ्या भावाला कोण मुलगी देईल?

“म्हणून मी नेम केला,” अक्का म्हणाल्या. “मला वाटायचं, नेम चुकला नाही म्हणजे झालं. आणि घड्याळाच्या दिवशी वाटलं, नवी सून समोर आहे, आता काय सांगू. नंतर सांगेन. तो तर रोज पाचला आपणहून उठतो.”

दादा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होते. मधे चौदा फूट लाकूड आणि तीन पट्ट्या.

“चाळीस वर्षं तू माझ्या पायाला हात लावलास, अक्का,” ते म्हणाले. “एकदा तोंडाने सांगितलं असतंस.”

“आईला शब्द दिला होता.”

“आई जाऊन एकोणीस वर्षं झाली.”

“हो,” अक्का म्हणाल्या.

दादांनी मान फिरवली. त्यांना बहिणीकडे बघवेना. ज्या हाताला ते सगळ्या घराची माया समजत आले, तो हात पहारा देत होता. आणि पहारा कशाचा ते त्यांच्या पोरालाही ठाऊक नव्हतं.

पिटुकली अजून खुर्चीवरच होती. एक बूट बांधून झाला होता, दुसरा बापाच्या हातात. तिने डॉक्टरीणबाईंना विचारलं, अगदी साध्या कुतूहलाने, “मग मी पण मामासारखी उठून बसणार?”

बाईंनी तोंड उघडलं. ताई भिंतीवरून पुढे झाली. पण दोघींच्याही आधी अक्का उठल्या होत्या. मांडीवरचे कागदाचे कपटे झटकले, चष्मा काढून खिडकीत ठेवला आणि निळ्या आडोशाच्या आत जाऊन टेबलाला हात टेकला.

“पिटुकले, इकडे बघ,” त्या म्हणाल्या. “मी सहासष्ट वर्षांची आहे. तीनदा पडले, तीनदा उठले. मला तर गोळीही कुणी दिली नव्हती.” मग यंत्रवाल्याला म्हणाल्या, “घ्या माझी पट्टी. बघू द्या हिच्या बापाला.”

टेबल उंच होतं. सुनेने स्टूल पुढे केलं. ज्या टेबलावर त्यांनी दहा हजारांहून जास्त पुस्तकं शिवली असतील, त्यावर अक्का आडव्या झाल्या आणि त्यांनी डोळे मिटले. वायर चिकटवल्या. पट्टी निघू लागली. ती निघतच राहिली. बाईंनी मोजली, पुन्हा मोजली, आणि आडोशातून हात बाहेर काढून पिटुकलीच्या पट्टीसकट नुसतीच जावयांच्या हातात दिली. आठ वर्षांच्या मुलीची आणि सहासष्ट वर्षांच्या बाईची. शेजारी ठेवल्या तर कोणती कुणाची ते बापाला सांगता आलं नसतं.

जावयांनी दोन्ही बराच वेळ पाहिल्या. मग खिशातून फोन काढला आणि पूर्ण बंद केला. खाली बसले आणि लेकीच्या बांधलेल्या बुटाची नाडी सोडू लागले.

“गोळी सकाळी की रात्री?” त्यांनी मान न उचलता विचारलं.

बाई सांगू लागल्या. ताई ऐकत होती, वहिनी लिहून घेत होत्या. दादा दाराशी पाठ करून उभे होते. ते वळले नाहीत, पण बाहेरही गेले नाहीत.

आडोशाच्या आत वायर काढून झाल्या होत्या. अक्कांचे डोळे मिटलेलेच होते. सोळा दिवस त्या झोपल्या नव्हत्या हे आजवर कुणी बोललं नव्हतं. आता त्यांचा श्वास एकसारखा, खोल चालला होता. यंत्रवाल्याने पेटी बंद केली आणि सरावाने तोंड उघडलं, आजी, झालं बरं का, उठा.

शब्द बाहेर पडायच्या आत सुनेने हात वर केला. तो थांबला.

सहा महिने ती वरच्या घरात राहिली होती. सहा महिने रोज पाचला तिच्या तळव्याला तो हात लागला होता. तो दाबत नसे, हलवत नसे. नुसता असे, ऊब आतपर्यंत पोहोचेतो. ती टेबलाच्या टोकाशी गेली. अक्कांचे पाय बारीक होते, टाचेला भेगा, बोटांना खळ वाळलेली. या पायांना कुणी उठवलेलं नव्हतं. सगळ्यांच्या आधी तेच उठत.

सुनेने हात ठेवला आणि वाट बघत उभी राहिली.